ड्रायव्हरला नमस्कार

“आई, देव आहे का तो ड्रायव्हर? सगळे बघत होते!” शहराबाहेरच्या एका गावच्या थांब्यावर उतरताच ऋजुता ओशाळून म्हणाली.

आयर्लंडच्या या कॉर्क भागात बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला ‘थँक्स’ म्हणतो. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं वाकून नमस्कार केला होता.

“बरं बाई, नाही करणार.” एरवी गुरावासरांशीही बोलणारी आई दिवसभर हिरव्या कुरणांतून मुकाट हिंडली.

संध्याकाळी परतीच्या बसला तोच ड्रायव्हर होता. शहरात, ली नदीच्या पुलाशी उतरताना आईनं हात स्वेटरच्या खिशात घातले.

ड्रायव्हर मात्र स्टिअरिंग सोडून हात जोडून बसला होता. “दिवसभर सराव केलाय,” तो ऋजुताला म्हणाला. “नीट जमतंय का, विचार ना आईला.”

खिशातून हात काढण्याआधी आईनं ऋजुताकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.