हलका आठवडा

"एवढंच? मी काय आजारी आहे व्हय, सर?" मी चिडून विचारलं. वेटलिफ्टिंगची स्पर्धा रविवारवर आली होती आणि सरांनी माझ्या बारवरच्या मोठ्या प्लेटा काढून ठेवल्या होत्या.

"महिनाभर जड उचललंस. आता ती ताकद अंगात मुरू दे."

मला वाटलं, सरांचा माझ्यावरचा भरवसा उडाला. दुसऱ्या दिवशी पहाटे चोरून जिममध्ये गेले, तर सर त्याच प्लेटांवर बसलेले. शेजारी चहाचे दोन कप. "येणार हे ठाऊक होतं. बस."

रविवारी, कधीच न उठलेलं वजन डोक्यावर गेलं. पदक घेण्याआधी मी सरांच्या पाया पडले.

आता त्याच जिममध्ये मी शिकवते. आज एका पोरीच्या प्लेटा काढल्या, तर ती तणतणत घरी गेली.

उद्या तिच्याआधी पोचायला हवं, दोन कप चहा घेऊन.