गेगेसन

लेकीने पुढचं कार्ड बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं. बाबा खिडकीबाहेरच बघत राहिले.

तीस वर्षं खपून त्यांनी जर्मन-मराठी कोश रचला होता. एका शब्दाला एक कार्ड, आणि कार्डांच्या खणांनी भिंत भरलेली. मग मेंदूला झटका आला. दोन महिने तोंडातून शब्द नाही, आणि लेकीकडे बघायचे ते मीटर वाचायला आलेल्या बाईकडे बघावं तसे. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही वाचून दाखवा. कुणाला गाणी आवडतात, यांना कार्डं. तिला जर्मनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कार्डावर उच्चार मराठीत होता, तेवढ्यावर भागत होतं.

"टॉख्टर," तिने वाचलं. "स्त्रीलिंगी. अनेकवचनात 'ओ' या अक्षरावर दोन ठिपके. संस्कृतातली दुहिता, फारसीतली दुख्तर, सगळ्या एकाच मुळाच्या. अर्थ, लेक."

ती थबकली. हजारो वर्षं, केवढे डोंगर, केवढी वाळवंटं. माणसं कुठल्या कुठे पांगली, तरी लेकीसाठीचा शब्द काही त्यांनी टाकला नाही.  विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिने विचारलंच.

"बाबा, मला ओळखलंत का?"

बाबांनी मान वळवली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ओठ हलले.

"माइने टॉख्टर हाट नॉख निष्ट गेगेसन."

"मराठीत सांगा ना, बाबा."

त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, शिकवणीतल्या मुलीला सांगावं तसं. तिने ऐकलं तसं कागदावर उतरवलं आणि खणांकडे धावली.

माइने, माझी. माझी लेक. तिचे डोळे भरून आले. हाट नुसतं जोडीचं क्रियापद निघालं. मग नॉख निघालं, अजून. निष्ट, नाही. तिचा हात थांबला. माझी लेक अजून काय नाही? अजून आली नाही, असंच म्हणत असणार. म्हणजे समोर बसलेली मी कुणीच नाही. पुढचा खण उघडायची तिची छाती होईना.

शेवटी उघडला. "गेगेसन: पाहा, एसन." स्वतःच्या कोशातही बाबा माणसाला या दारातून त्या दारात पाठवायचे. तिने रोमन E चा खण ओढला. एसन, जेवणे.

दुपारचे साडेतीन वाजले होते. तिने वाक्य जुळवलं आणि जमिनीवर बसून मोठ्याने वाचलं.

"माझी लेक अजून जेवली नाही."