जुन्या लॅपटॉपची रॅम

अर्धांगवायूने वाचा गेल्यापासून मासिलामणी एका बोटाने टाइप करत आणि त्यांचा जुना लॅपटॉप ते वाचून दाखवी. हल्ली एकेका वाक्याला तो दहा-दहा मिनिटं अडकायचा. शेवटी तो तसाच मिटून, पिशवीत घालून त्यांची बायको पूंगोडी चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या कॉम्प्युटर बाजारात आली. सहा दुकानांनी न उघडताच हात वर केले. सातव्यातले अन्वरभाई म्हणाले, "अम्मा, याला बसणारी रॅम आता निघतच नाही. नवा घ्या."

"नव्यावर तो बोलायचा प्रोग्राम चालत नाही हो. एकदा उघडून तरी बघा."

त्यांनी झाकण उघडलं. पंखा घरघरला, आणि सकाळी गोठलेल्या पडद्यामागे राहून गेलेलं मासिलामणींचं वाक्य भर दुकानात ऐकू आलं, "पूंगोडी, आज कुठे जाऊ नकोस. छातीत फार दुखतंय."