लोखंड कुठून येतं?

प्रयोगशाळेतल्या कपाटाचं सील शाबूत होतं. पाहुण्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते तपासलं आणि कात्रीनं कापलं. कपाटाचं दार मात्र सरांनी स्वतः उघडलं. असला मान दुसऱ्याला देणाऱ्यातले ते नव्हते.

आत बाटल्यांच्या दोन रांगा होत्या. पहिल्या रांगेतल्या पाण्यात लोह घातलेलं होतं, दुसऱ्या रांगेत मुद्दाम वगळलेलं. परवा पाहुण्यांनी आपल्या हातांनी दोन्हींत सारखेच जिवाणू सोडले होते. जिवाणू वाढले की पाणी गढूळ होतं, नाही वाढले तर नितळ राहतं. लोहाचा कण मिळाला नाही तर बहुतेक जिवाणूंचं काही खरं नसतं. तो कण मिळवायला ते दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवतात. सरांचा जिवाणू मात्र म्हणे लोहाशिवाय मजेत जगायचा, मँगनीज या दुसऱ्याच धातूवर भागवायचा. या एका शोधावर सरांना मानमरातब, परदेशच्या वाऱ्या आणि हा नवा मजला मिळाला होता. दुसऱ्या कुणालाच तो प्रयोग जमत नव्हता. त्यांच्या हातात कसब नाही, असं सर म्हणायचे. म्हणून तर हे पाहुणे शास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांनी बघायला आले होते.

मावशी दाराशी रिकामा ट्रे घेऊन उभ्या होत्या. अकरा वर्षं त्या इथल्या बाटल्या धूत होत्या.

तीन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी त्यांची मुलगी उभी होती. सरांची विद्यार्थिनी. आपल्या बाटल्या ती स्वतः धुवायची आणि तिची दुसरी रांग दर वेळी नितळ राहायची.

"सर, हा जिवाणू लोहाशिवाय जगत नाही," ती म्हणाली होती. "तुमच्या बाटल्यांत लोह कुठून तरी येतंय."

"कुठून येतंय? सांग ना!" सर सगळ्यांसमोर ओरडले.

मुलीनं तोंड उघडलं. दाराकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"बाटल्या धुणारीची पोर," सर हसले. "हिच्या हाताला सफाई कुठून येणार!"

सगळे हसले. खोटे निकाल दाखवल्याचा शेरा मारून सरांनी तिला काढून टाकलं. पाच वर्षांची मेहनत मातीमोल झाली. आता ती औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांना खोकल्याची बाटली काढून देते.

मावशींनी नोकरी सोडली नाही. लोकांनी नावं ठेवली. पोरीचं वाटोळं करणाऱ्याची उष्टी भांडी धुते, म्हणाले. मावशींनी कान बंद ठेवले आणि डोळे उघडे. सरांना बक्षीस मिळालं की प्रयोगशाळेत केक कापला जायचा. मावशी दर वेळी आपला तुकडा मागून घ्यायच्या आणि सरांकडे बघत सावकाश चावून खायच्या. पोरीवरचं ते हसणं त्यांना विसरायचं नव्हतं.

परवाच्या बाटल्याही त्यांनीच धुतल्या होत्या. धुण्याच्या खोलीचं दार आतून लावून, एकटीनं.

सरांनी पहिली रांग बाहेर काढली. पाणी ताकासारखं गढूळ. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग सरांनी दुसऱ्या रांगेतली बाटली ऐटीत उजेडाकडे धरली.

बाटलीतून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

त्यांनी दुसरी बाटली उचलली. तिसरी. सगळ्या नितळ. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि दाराशी येऊन थांबली.

"तू! पोरीचा सूड उगवलास ना? काय टाकलंस बाटल्यांत?"

"काही नाही, सर." मावशींनी ट्रे खाली ठेवला. "या खेपेला पहिल्यांदाच काही नाही."

"बाटल्या कशा धुतल्यात तुम्ही?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"भिंतीवर सरांच्या सहीचा इंग्रजी कागद आहे ना, तशा. दिवसभर ऍसिडमध्ये बुडवून, मग सात वेळा डिस्टिल्ड पाण्यानं. मला इंग्रजी येत नाही, बाई. अकरा वर्षांत कुणी वाचून दाखवला नव्हता. मुलीनं दाखवला."

"आणि याआधी?"

मावशींनी खिशातून एक पुडी काढली आणि पांढऱ्या टेबलावर सोडली. आत तारेची घासणी होती, गंजून लाल झालेली. तिचा चुरा सरांच्या कागदांवर सांडला.

"याआधी हिनं. नळाखाली. बाटल्या चकचकीत दिसाव्यात म्हणून घरून आणायचे. यात काही चुकतंय हे मला माहीतच नव्हतं. वर्षापूर्वी पोरीनं सांगितलं, तेव्हा कळलं." त्या सरांकडे वळल्या. "मग वर्षभर आणखी जोर लावून घासल्या, सर. तुम्हाला अजून वर चढू द्यायचं होतं."

सरांनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. "तिला... तिला ठाऊक होतं? मग तेव्हा बोलली का नाही?"

"माझी नोकरी जाईल म्हणून. पण लोखंड कुठून येतं ते तिनं दाखवलं होतं, सर. तिनं दाराकडे बघितलं, तेव्हा दारात मी उभी होते. तुम्ही वळून बघितलंच नाहीत."