पायाळूची लाथ

अंगदनं आपल्या बायकोचे, कासाबाईचे, दोन्ही खांदे वाकळीवर दाबून धरले होते आणि येडबा तिच्या पिंढऱ्यांवर गुडघे रोवून बसला होता. पालथ्या पडलेल्या कासाबाईचं तोंड वाकळीत रुतलं होतं, तरी ती ओरडत होती, "सोडा! आवो, सोडा मला! डाक्टरनं काय सांगितलंय, इसरलाव का? मनक्याला धक्का बसला तर पाय जातील माजे!"

"इसरलो न्हाई," अंगद म्हणाला. "पर तुजं वरडनं ऐकवंना गं आता. एकच लाथ. मग आराम पडंल."

पाच महिन्यांपूर्वी कासाबाई कडब्याच्या गाडीवरून पडली आणि औरंगाबादच्या दवाखान्यात तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. जखम भरली. दुखणं मात्र कमरेतून उठून डाव्या पायाच्या घोट्यापर्यंत तार ओढल्यासारखं जातच राहिलं. ती फळीवर झोपे, पट्टा आवळे, शेकून घेई, सकाळ-संध्याकाळ मेंढवाड्याभोवती दहा फेऱ्या मारी आणि जिंतूरहून आणलेल्या गोळ्या दिवसाला दोन घेई. तेवढ्यावर ती चुलीपुढं बसण्याइतकी सावरली होती. मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला. गावोगाव घरं जळत होती. आठ दिवस एसटी आली नव्हती आणि गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. अंगद पायी निघाला, तर अर्ध्या वाटेवर लोकांनी काठ्या उगारून त्याला माघारी हाकललं.

येडबा हा अंगदचा धाकटा भाऊ. त्याची बायको पंचफुला पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, म्हणून कमरेत लचक भरलेली माणसं चार गावांवरून येत आणि तिच्याकडून पाठीवर लाथ मारून घेत. ती लाथ कसली, नुसती टाच टेकवल्यासारखं करी आणि लोकांना बरं वाटे. पण आज ती वाकळीशेजारी थिजून उभी होती. पाच महिने तिनंच आपल्या जावेला न्हाऊ घातलं होतं. मणक्यावरची ती वीतभर शिवण तिनं रोज स्वतःच्या हातानं धुतली होती.

"हान की," येडबा खेकसला.

"मी न्हाई मारनार. अक्काचे पाय जातील."

येडबानं बसल्या जागेवरून तिचं लुगडं धरून तिला खाली ओढलं आणि कानशिलात लगावली. दुसरी तोंडावर बसली. ओठ फुटला.

"समद्या गावाला लाथा मारती आन् घरच्या मानसाला नगं? तीन दिस झालं, मेंढरं कोंडून हायती. घरात निस्त्या बोंबा! हान म्हनतो ना!"

पंचफुलानं पदरानं ओठ पुसला. ती कासाबाईच्या कमरेशी येऊन उभी राहिली. अंगदनं डोळे मिटून घेतले.

"पंचफुले, नगं गं," कासाबाई वाकळीतून पुटपुटली.

पंचफुलानं पाय उचलला. लाथ बसली ती येडबाच्या तोंडावर.

तो मागं कोलमडून उंबऱ्यावर आपटला. उठला तो दाराशी टेकवलेली काठी घेऊनच. पहिला तडाखा पंचफुलाच्या खांद्यावर बसला, दुसरा मांडीवर. ती कासाबाईच्या शेजारी वाकळीवर पडली. काठी तिसऱ्यांदा वर गेली. तीन दिवस कुशीवर वळता न आलेली कासाबाई नवऱ्याच्या हातातून निसटली, कोपरांवर सरकली आणि जावेच्या अंगावर पालथी पडली.

काठी कासाबाईच्या कमरेवर बसली.

ती ओरडली नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात काही ऐकू येईना.

"बघ," येडबा धापा टाकत म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त गळत होतं. "थांबलं का न्हाई दुखायचं?"

अंगद उठला. धाकट्या भावावर त्यानं जन्मात हात उचलला नव्हता. त्यानं काठी हिसकावली आणि दोन्ही हातांनी फिरवली. येडबाचं मनगट मोडलं. तो हात पोटाशी धरून विव्हळत भिंतीशी खाली बसला. अंगदनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी टाकून तो बायकोपाशी गुडघ्यांवर आला.

"कासे, लय लागलं का गं?"

"न्हाई." तिचे डोळे विस्फारले होते. "कायच दुखंना. पायात कायच न्हाई वो."

"हालव की. जरा हालव पाय."

पाय हलला नाही.

पंचफुला तिच्याखालून कशीबशी बाहेर आली. एक खांदा वर होत नव्हता. ती सरकत सरकत कासाबाईच्या पायांशी गेली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला तिनं चिमटा घेतला.

"कळलं का, अक्का?"

"न्हाई."

पंचफुलानं नख रोवलं. "आता?"

"न्हाई गं, बाई." कासाबाई रडायला लागली.

पंचफुला वाकली आणि फुटक्या ओठांनी तो अंगठा तोंडात धरून कडकडून चावली.

"आई गं! मेले गं मेले!"

वाड्यातली मेंढरं बुजून एका अंगाला झाली. कासाबाईचा पाय झटक्यानं पंचफुलाच्या हातातून सुटला.

"दुखलं?" अंगदनं विचारलं. "कासे, दुखतंय का?"

कासाबाई वाकळीवर डोकं आपटत रडत होती आणि हसत होती.

"दुखतंय," ती म्हणाली. "लय दुखतंय वो. पार घोट्यापतोर दुखायलंय."