दिलगीर आहोत

आमच्या गावच्या रेडिओवर कुणीतरी बाहेरून घुसलं आणि मानवत बाजाराच्या कापूसभावाऐवजी अर्धा तास शिव्या ऐकवल्या. मी टॉवरचा राखणदार. दुसऱ्या दिवशी स्टेशनप्रमुख दिनकरराव तपासणीच्या साहेबांना घेऊन आले.

"वैजीनाथ, तू कुत्रं आत येऊ देत न्हाईस, मग हे कसं घुसलं?" दिनकररावांनी मला विचारलं.

स्टुडिओचा आवाज टॉवरवर घेणाऱ्या पेटीचा पासवर्ड १२३४ होता. विसरू नये म्हणून पेटीवरच रंगवलेला.

"तक्रारी किती आल्या?" साहेबांनी विचारलं.

"एक बी न्हाई," दिनकरराव म्हणाले. "उलट पुन्हा लावा म्हणून तिघांनी फर्माईश पाठवली."

साहेबांनी पासवर्ड बदलला, पेटीला कुलूप लावलं. मग नोंदी बघून म्हणाले, "वर्षभर रोज संध्याकाळी सहाला स्टुडिओची लिंक तुटतेय. हा दुसराच चोर."

"परदेशी असंल," दिनकरराव म्हणाले. "किल्ली वैजीनाथकडं द्या साहेब, लय भरवशाचा माणूस हाय."

सहाला मी कुलूप उघडून वायर उपसली. लिंक तुटली की पेटी आपोआप जुनी ध्वनिफीत लावते. गेल्या वर्षी वारलेली माझी बायको, निवेदिका विजयमाला, गावाला सांगू लागली, "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत. कुठं जाऊ नका, लगेच परत येते."