बेकर्स वेलची एकटी कबर

मेलबर्नहून कॅरव्हॅन घेऊन आलेल्या बाईने वाळूतला एक दगड उचलला, फुंकर मारून साफ केला आणि कबरीवरच्या ढिगावर ठेवला.

"बिचारं लेकरू," ती नवऱ्याला म्हणाली. "कुंपण बघ ना, केवढंसं आहे." तिचे डोळे खरोखरच भरून आले होते.

क्लेमने तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. त्याच्या बहिणीने, डोरीनने, काठीचं टोक हळूच त्याच्या पोटरीवर मारलं.

"गप बस."

"मी कुठे काय बोललो?"

"तुझे खांदे हलताहेत मेल्या. वय काय आपलं, आणि..."

दोघं याच बेकर्स वेल स्टेशनावर वाढलेली. बाप रेल्वेत गँगमन, रुळांची देखभाल करणारा. गाडी बंद होऊन, रूळ उखडून नेल्यालाही आता चाळीस वर्षं झाली. उरल्या होत्या घराच्या तीन दगडी भिंती, पाण्याची गंजकी टाकी, आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या कुंपणातली ही बिननावाची कबर. वाळवंटातल्या या कच्च्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण इथे थांबायचाच. फोटो काढायचा, दगड ठेवायचा. कुणी प्लास्टिकची फुलं ठेवून गेलं होतं, कुणी शिंपले, कुणी एक कापडी अस्वल.

कबरीत क्वीनी होती. क्वीनी म्हणजे शेळी.

शेळी कसली, घरातली थोरली बाईच ती. साऱ्या स्टेशनाच्या चहाला तिचंच दूध. एकदा तिने गार्डची हिरवी झेंडी चावून गिळली आणि आठवड्यातून एकदाच येणारी गाडी वीस मिनिटं खोळंबली. त्या दिवसाची आठवण निघाली की क्लेम अजून डोळे पुसत हसतो. ती मेली तेव्हा दोघं भावंडं जेवेनात, म्हणून बाबाने रेल्वेचे चार स्लीपर गुपचूप उचलून आणले आणि कुंपण घातलं. काय दिवस होते ते! दुपारी भिंतीच्या सावलीला पाव भाजल्याचा वास यायचा आणि आई तारेवरचे कपडे काढताना क्वीनीला शिव्या घालायची. डोरीनला तो वास आत्ताही आला.

कौन्सिलची टेस वही सावरत त्यांच्याकडे आली. प्रवाशांसाठी जुन्या स्टेशनांवर नवे फलक लागणार होते, आणि त्यासाठीच तिने या दोघांना बोलावून घेतलं होतं.

"घराचं झालं, टाकीचं झालं," ती म्हणाली. "आता हीच राहिली. लोक सगळ्यात जास्त हिच्याबद्दल विचारतात. कोण आहे हे, तुम्हाला काही माहीत आहे? तुमच्याशिवाय विचारायला आता कुणी उरलं नाही."

"माहीत आहे म्हणजे? चांगलं माहीत आहे," क्लेम म्हणाला. "सांग गं डोरीन. गाडीत ठरलंय आपलं. तू सांग, नाहीतर मला हसू यायचं."

ठरलं होतं खरं. पण तेव्हा ती मेलबर्नची बाई समोर नव्हती. ती अजून कुंपणाशी वाकून उभी होती आणि वाऱ्याने पडलेलं कापडी अस्वल नीट बसवत होती. डोरीन तिच्याकडे बघत राहिली. शेळी म्हटलं की ही बाई हसेल, टेस हसेल, मग फलक वाचून येणारा-जाणारा हसेल. उद्यापासून इथे कुणी डोकं झुकवून उभं राहणार नाही.

आणि आई इथेच बसायची.

क्वीनीनंतर दोन वर्षांनी घरात नोरा आली आणि अकरा दिवसांत गेली. बाबाने तिला ओढ्याकाठच्या झाडाखाली पुरलं. पुढच्या वर्षी ओढ्याला अचानक पूर आला आणि झाडासकट सगळं घेऊन गेला. त्यानंतर आई रोज संध्याकाळी चहाचा मग घेऊन या कुंपणापाशी येऊन बसायची. मुलांना वाटायचं, आईला शेळीची आठवण येते. खरं काय ते डोरीनला कळलं तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणानंतर. हे ती क्लेमशी कधीच बोलली नव्हती. नोराचं नाव दोघांनी साठ-सत्तर वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"मुलगी होती," डोरीन म्हणाली. "नोरा. अकरा दिवसांची."

टेस लिहायची थांबली. "तुमची कोण?"

"बहीण. धाकटी."

"आणि तिला इथे पुरलं?"

डोरीनने कुंपणाकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "आई तिच्यासाठी इथे येऊन बसायची," ती म्हणाली. "रोज."

क्लेमकडे बघायचं तिला धाडस होईना. आता हा बोलणार, आपल्याला तोंडघशी पाडणार, असं तिला वाटलं.

टेसने खालच्या आवाजात विचारलं, "तारीख आठवते? फलकावर घालता येईल."

"त्रेपन्न साल. सप्टेंबर असावा. मी पाच वर्षांची होते गं, तारीख कुठली..."

"एकवीस," क्लेम म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"एकवीस सप्टेंबर. सोमवार होता."

"वारसुद्धा पक्का आठवतो?" टेसने विचारलं.

"आई तिला शालीत गुंडाळून पहाटेपासून रुळाकाठी बसली होती," तो म्हणाला. "दवाखान्यात न्यायचं म्हणून. आम्ही सांगत होतो तिला, पण ती उठेना. गाडी मंगळवारची होती."